कास्टेल कोख: खालचं जुनं, वरचं नवं, सांधा कुठे ते कसं ओळखायचं?

चर्या_आणि_जंग्या

मे महिन्यात वेल्समध्ये सहा दिवस मिळताहेत. पहिले दोन कार्डिफला, पुढचे चार उत्तरेला. मुख्यतः किल्ले बघायचेत, पण एका गोष्टीवर गाडी अडली आहे. आपल्याकडे मूळ तट आणि अलीकडे सिमेंट थापून उभा केलेला तट पन्नास पावलांवरून वेगळे दिसतात. कार्डिफजवळच्या कास्टेल कोखचे फोटो मात्र बघा: तीन गोल बुरूज, वर टोपीसारखी शंकूची छपरं, उचलायचा पूल, सगळं एकाच दमात बांधल्यासारखं. एके ठिकाणी तेरावं शतक लिहिलंय, दुसरीकडे १८७५. दोन्ही खरं असेल तर जागेवर उभं राहून कुठपर्यंत जुनं आहे हे कळतं का?

दुसरं, कॉन्वी आणि कार्नार्वनला 'वेल्श किल्ले' म्हणू नये असं वाचलं. मग वेल्श कोणते?

तिसरं, चर्चमधली भित्तिचित्रं आणि लाकडी कोरीवकाम. त्यातलं मध्ययुगीन कोणतं आणि व्हिक्टोरियन कोणतं, हे ओळखायच्या काही खुणा आहेत का?

दगडचुना

कास्टेल कोख म्हणजे शब्दशः लाल किल्ला. तेराव्या शतकात दगडी किल्ला बांधला तो गिल्बर्ट द क्लेअर या नॉर्मन सरदाराने, जुन्या नॉर्मन मातीच्या उंचवट्यावर. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उद्ध्वस्त झाला आणि पुढची साडेपाचशे वर्षं झाडीत पडून राहिला. जमीन तिसऱ्या मार्क्विस ऑफ ब्यूटची. कोळसा आणि कार्डिफ बंदर यांच्या जोरावर अफाट श्रीमंत झालेलं हे घराणं. त्याने वास्तुविशारद विल्यम बर्जेसला अहवाल मागितला. १८७२च्या त्या अहवालात दोन वाटा होत्या: अवशेष आहेत तसे जपायचे, किंवा उन्हाळी निवास म्हणून पूर्ण उभारायचे. ब्यूटने दुसरी निवडली. काम १८७५ला सुरू झालं, बाहेरचं १८७९पर्यंत उरकलं. बर्जेस १८८१ला वारला आणि आतली सजावट त्याच्या सहकाऱ्यांनी १८९१ला संपवली.

आता खुणा. जुना भाग लाल वालुकाश्माच्या अनघड डबराचा, मधे मधे करड्या चुनखडीचे तुकडे. थर सरळ नाहीत, दर्जा (दोन दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या फटी) रुंद. नव्या कामात त्याच जातीचा दगड वापरला आहेच, पण त्याच्या जोडीला पेनंट वालुकाश्माचे चौकोनी, नीट घडलेले दगड आले. ते दिसू लागले की वर नजर न्या: थर आडवे होतात, दर्जा अरुंद होतात. ही सीमा सरळ रेषेत नाही. पडझड जशी झाली होती तशी ती वरखाली जाते, म्हणून एका जागी उभं राहून न बघता बाहेरून पूर्ण फेरी मारा. सकाळी किंवा चारनंतर जा. तिरपं ऊन पडलं की अनघड दगडाची सावली तुटक पडते आणि घडीव दगडाची पट्ट्यासारखी. दुपारी बारा वाजता दोन्ही सारखेच दिसतात आणि माणूस 'काही कळत नाही बुवा' म्हणत परत येतो.

बुरुजांचा तळही बघा. दोन बुरुजांच्या बुडाशी चौकोनी पाया आहे आणि त्याच्या कोपऱ्यांतून तिरपे दगडी पाचर निघून वर गोल भिंतीत विरतात. बुरुजाचं बूड सुरुंग लावून किंवा पहारीने पोखरता येऊ नये म्हणून ही युक्ती. हे तेराव्या शतकातलं डोकं आहे, बर्जेसचं नाही. तळाशी भिंत जवळजवळ १० फूट जाड आहे आणि वर ती पातळ होत जाते.

मळसूत्र

वरच्या प्रतिसादात छपरांचं राहून गेलं, आणि वाद तर तिथेच आहे. ब्रिटनमधल्या त्या काळच्या बुरुजांना अशी उंच शंकू छपरं होती याचा पुरावा फार तोकडा आहे. बर्जेसने हस्तलिखितांतली चित्रं पुढे केली, युरोपातले दाखले दिले. दिसायला जास्त देखणं आणि आत जागाही जास्त, हे कारणही त्याने लपवलं नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पण 'तेराव्या शतकात हा किल्ला असाच होता' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. छपरं, धुराडी, दरवाज्यावरचा लाकडी सज्जा, आतल्या चौकाभोवतीची लाकडी गॅलरी हे सगळं बर्जेस.

पूल आणि वरून खाली सरकणारा जाळीदार दरवाजा मात्र नुसते दाखवायला नाहीत, चालणारे बनवले आहेत. म्हणजे पुरावा अपुरा असला तरी यंत्रणा अभ्यास करून केलेली. दरवाज्यातून आत शिरताना दोन्ही बाजूंच्या दगडातल्या खाचा बघा. जाळीदार दरवाजा त्या खाचांतून सरकतो. पडक्या किल्ल्यात दरवाजा गेलेला असतो, खाच उरलेली असते. इथे दोन्ही एकत्र बघून घेतलं की पुढे उत्तरेच्या किल्ल्यांत नुसती खाच दिसली तरी यंत्र डोळ्यापुढे उभं राहतं.

आत गेल्यावर मध्ययुग विसरा. दिवाणखान्यात इसापाच्या गोष्टी भिंतींवर रंगवल्यात आणि शेकोटीवर आयुष्याचा धागा कातणाऱ्या, मोजणाऱ्या आणि तोडणाऱ्या तीन नियती-देवता बसल्यात. ते सगळं एकोणिसाव्या शतकाचं मध्ययुगाबद्दलचं स्वप्न आहे. आतमध्ये जुनं शोधत बसू नका, ते स्वप्न म्हणूनच बघा.

दगडचुना

छपरांबद्दल मान्य. त्याच मालकाने कार्डिफ किल्ल्यात अगदी उलट शिस्त पाळली, हे मुद्दाम बघा. १८८८मध्ये तिथे मातीखाली रोमन किल्ल्याची तटबंदी सापडली. ती पुन्हा उभी करताना जुन्या रोमन दगडकामाच्या माथ्यावर लाल दगडांची एक रेघ घातली. रेघेच्या खाली रोमन, वर नवं. रस्त्यावरून चालता चालता दिसते. ज्याला कास्टेल कोखचा सांधा सापडत नाही त्याने आधी ही रेघ बघावी, डोळ्याला सवय होते.

वेळ उरला तर कार्डिफच्या उत्तरेला केअरफिली. तोही गिल्बर्ट द क्लेअरचाच, १२६८ला सुरू केलेला, भोवती दोन्ही बाजूंना तळी. त्याची मोठी दुरुस्ती चौथ्या मार्क्विसने १९२८ ते १९३९ या काळात केली. तिथला आग्नेयेचा बुरूज सुमारे १० अंश कललेला आहे आणि तो तसाच ठेवला. बाप छपरं चढवतो, मुलगा कललेला बुरूज सरळ करत नाही. एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत विचार किती बदलला ते एका दिवसात बघून होतं.

पडकोट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेख हे १२८३ला सुरू झालेले आणि बोमॅरिस १२९५चा. चारही इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर, वेल्श लोकांना दाबात ठेवण्यासाठी बांधले. बांधकामाचा सूत्रधार मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा आल्प्सकडच्या सॅव्हॉयचा. म्हणजे पैसा इंग्रजी, डोकं सॅव्हॉयचं, जमीन वेल्श. कॉन्वी तर एका वेल्श मठाच्या जागेवर आहे. लिवेलिन आप योर्वर्थ हा गुईनेडचा, म्हणजे उत्तर वेल्समधल्या राज्याचा, मोठा राजा तिथे पुरलेला होता. एडवर्डने मठ मेनानला हलवला आणि त्या जागी किल्ला आणि शहर वसवलं. लिवेलिनची दगडी शवपेटी आज लॅनरुस्टच्या चर्चमध्ये आहे, रिकामी. हार्लेखला तर एडवर्डने इस्तुमग्वेर्न इथला वेल्श राजांचा लाकडी दरबार-हॉल सोडवून आणला आणि किल्ल्याच्या चौकात पुन्हा जोडला. पाया दिसतो.

या किल्ल्यांत सॅव्हॉयची खूण शोधायची तर परांचीची भोकं बघा. एरवी परांचीची भोकं आडव्या रांगेत असतात. हार्लेख आणि कॉन्वीला काही बुरुजांवर ती बुरुजाभोवती जिन्यासारखी तिरपी चढत जातात. वर सामान न्यायला शिड्यांऐवजी उतरणीची वाट मिळते, ढकलत किंवा ओढत माल नेता येतो. बुरुजापासून शंभरेक पावलं मागे जाऊन बघा, जवळून ही रेघ जुळत नाही.

खरे वेल्श किल्ले म्हणजे राजांचे स्वतःचे: डोल्बादार्न, डोल्विद्देलन, कास्टेल अ बेरे, क्रिकिएथ, यूलो. लक्षात ठेवायची खूण एकच: पुढून गोल, मागून सरळ असा लांबट बुरूज, वरून बघितलं तर नालेसारखा. यूलो आणि कास्टेल अ बेरेला तो स्पष्ट दिसतो. पुढची गोल बाजू दगडाचा मारा झेलते आणि लांबट आकारामुळे आत राहायला हॉलएवढी जागा मिळते. कच्चा दुवाही त्यातच आहे. हे बुरूज बऱ्याचदा खडकाच्या टोकांवर एकमेकांपासून लांब पडतात, त्यामुळे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याशी मारा करता येत नाही. एडवर्डच्या किल्ल्यांत एकही कोपरा असा उघडा सापडणार नाही.

कास्टेल अ बेरे १२२१मध्ये लिवेलिनने सुरू केला. तिथे कोरीव दगडही मिळाले, म्हणजे हा नुसता लष्करी ठाण्याचा रूक्ष प्रकार नव्हता. डोल्बादार्नचा गोल मनोरा चुन्यात बांधलेला आहे, पण भोवतीचा तट स्लेटच्या चपट्या दगडांचा आणि बिनचुन्याचा. दोन्ही एका नजरेत दिसतात. मनोऱ्याची मूळ वाट पहिल्या मजल्यावरून आहे, तळमजल्याला दार नाही.

डोल्विद्देलनला सावध राहा. चौकोनी मनोऱ्याच्या वरच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या, तिथल्या जमीनदाराने चढवलेल्या. मनोऱ्याच्या आत शिरा आणि भिंतीकडे बघा: उतरत्या छपराची तिरकी रेघ दगडात उमटलेली आहे. मूळ छप्पर तिथे होतं. त्यावरची भिंत नंतर वाढवलेली आणि सगळ्यात वरच्या चर्या तर त्याही नंतरच्या. पोस्टकार्डवर जो 'वेल्श राजाचा किल्ला' छापतात त्याची डोक्याची कड व्हिक्टोरियन आहे.

चर्या_आणि_जंग्या

वा, हे कामाचं आहे. मनोऱ्यातली तिरकी रेघ बघायला तरी डोल्विद्देलन नक्की. एक उपप्रश्न: दर्जांवरून काळ सांगता येतो का? दर्जा भरताना नवा चुना घातला असेल तर सगळंच नवं दिसेल ना?

दगडचुना

बरोबर पकडलंत. दर्जांवरून काळ सांगायला जाऊ नका, फसाल. दर्ज ही दर शंभर-दीडशे वर्षांनी बदलायची गोष्ट आहे, दगड नाही. दर्जांवरून फक्त शेवटची दुरुस्ती कशाने झाली ते कळतं.

सिमेंटची दर्ज ओळखायची सोपी खूण: दगड आत खाल्लेला आणि दर्ज पुढे उभी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. सिमेंट वालुकाश्मापेक्षा कठीण आणि त्यातून पाणी बाहेर पडत नाही. भिंतीत मुरलेल्या पावसाला बाहेर पडायची वाट फक्त दगडातून उरते. दगडाच्या पृष्ठभागामागे क्षार साचतात, हिवाळ्यात पाणी गोठतं आणि दगडाची पापुद्र्यापापुद्र्याने सालं निघतात. चुन्याची दर्ज उलट वागते. ती आधी झिजते, दगड वाचतो. तिचं कामच बळी जाणं आहे.

आता तिथे बऱ्याच ठिकाणी एन.एच.एल. ३.५ प्रतीचा नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना वापरतात, साधारण एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग जाड, टोकदार कणांची वाळू. जुनी दर्ज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल, किमान २५ मिलिमीटर खरवडून काढतात, हातोडा-छिन्नीने. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि दर्ज कायमची रुंद होते. असे सरळ कापलेले काठ दिसले तर घाई झाली असं समजा. मग भिंत भिजवायची, दर्ज ठासून भरायची, थोडी आवळल्यावर ताठ ब्रशने ठोकून पोत काढायचा आणि ओलं गोणपाट लावून ठेवायचं. तापमान ५ अंशांखाली असेल तर काम बंद. गोठलेला चुना वसंतात पिठासारखा झडतो. म्हणूनच उन्हाळ्यात जाल तिथे कुठे ना कुठे परांची लागलेली दिसेल, त्यांना कामाचे महिनेच थोडे मिळतात.

काव_आणि_चुना

तिसऱ्या प्रश्नाला हात घालते. कार्डिफच्या पश्चिमेला सेंट फॅगन्स हे खुलं संग्रहालय आहे, तिथे सेंट टेइलोचं चर्च बघा. हे मूळ पाँटार्डुलाइसजवळ लँडेलो तालिबॉन्ट इथलं. नदीकाठी, ओसाड पडलेलं. दगड-दगड नंबर घालून सोडवलं आणि संग्रहालयात पुन्हा बांधलं. सोडवण्यापासून २००७ला लोकांसाठी खुलं होईपर्यंत वीस वर्षांहून जास्त काळ गेला. भिंतींवरचे चुन्याचे थर काढताना आत मध्ययुगीन चित्रं निघाली. मूळ तुकडे काढून जपले आणि नव्याने उभ्या केलेल्या चर्चच्या भिंतींवर तीच चित्रं पुन्हा रंगवली. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेआधी, साधारण १५३०च्या सुमाराला चर्च जसं दिसलं असेल तसं.

आत शिरलात की रंग डोळ्यावर येतात. पिवळा, गेरू, हिरवा, लाकडावरसुद्धा. बरेच लोक 'भडक आहे, खोटं वाटतं' म्हणतात. पण राखाडी दगडाचं, उघड्या भिंतीचं चर्च हीच नंतरची आवड आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत कितीतरी ठिकाणी गिलावा खरवडून दगड उघडा केला, त्याबरोबर चित्रंही गेली. तेव्हा उघडा दगड दिसला की तो 'मूळ' आहे असं धरू नका. बाहेरूनही तेच. कॉन्वीचा किल्ला पांढऱ्या चुन्याने लिंपलेला होता, त्याच्या खुणा भिंतीवर अजून आहेत.

तंत्राबद्दल थोडं. ही चित्रं ओल्या गिलाव्यात मुरवलेली नाहीत. चुन्याचा हात दिलेल्या कोरड्या भिंतीवर काढलेली आहेत. आपल्या कोकण-गोव्याच्या कावीशी गल्लत करू नका. कावीत काव गिलाव्याच्या थरातच बसते आणि आकृती कोरून काढतात, इथे रंग वरून बसतो. म्हणून पहिला फटका ओलीचा बसतो: मिठाचं पांढरं फूल येतं आणि रंग धुळीसारखा सुटतो. रंग थोडेच: गेरू, पिवळी माती, कोळशाचा काळा, चुन्याचा पांढरा. चित्रावर नंतर चुन्याचे हात चढले ते धर्मसुधारणेच्या काळात झाकायला, पण त्याच हातांनी चित्र वाचलंही. लॅनकार्वनला सेंट कॅडॉकच्या चर्चमध्ये वीसेक थरांखालून सेंट जॉर्ज आणि त्याचा ड्रॅगन निघाले, २००८च्या आसपास. आधी दिसली होती ती फक्त गेरूची एक बारीक रेघ. तिथे आता थरांच्या कडा मुद्दाम उघड्या ठेवल्यात, जवळ जाऊन चुन्याची पानं मोजता येतात. कार्डिफहून फार लांब नाही.

चुन्याचा हात देणाऱ्यांची चूक नेहमी एकच असते, दाट कालवणं. दुधाएवढा पातळ हवा, भिंत आधी ओली हवी आणि चार-पाच हात हवेत. पहिला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, तेव्हा घाबरून दाट करू नये. दाट हात सुकताना तडकतो आणि पोपडे धरतो.

लाकूडकामासाठी आबरगावेनीच्या उत्तरेकडच्या डोंगरात पार्त्रिशोचं चर्च. मुख्य दालन आणि वेदीची जागा यांच्यामध्ये ओकची कोरीव जाळी आणि वर माळा. त्याला रूड स्क्रीन म्हणतात. साधारण १५००चा, रंग न दिलेला. तुळईच्या टोकाला ड्रॅगन आहे, त्याच्या तोंडातून द्राक्षवेल निघून सबंध तुळईभर पसरते. ब्रिटनभर हे माळे तोडले गेले, आडबाजूचा म्हणून हा राहिला. त्याच चर्चच्या भिंतीवर हातात कोयता, वाळूचं घड्याळ आणि कुदळ घेतलेला सांगाडा आहे. रक्ताने रंगवलाय म्हणून चुना मारला तरी पुन्हा वर येतो अशी तिथली दंतकथा. खरं कारण साधं असावं, पातळ चुन्यातून गेरू डोकावतोच.

याउलट लॅनानोच्या चर्चमध्ये रूड स्क्रीन जुना, पण कोनाड्यांतल्या मूर्ती एकोणिसाव्या शतकातल्या. लाकूडकामात ओळखायची खूण: वेल्श कामात जाळीचे तुकडे एकासारखा दुसरा नसतो, प्रत्येक चौकटीत नवीन नक्षी. एकच नक्षी ओळीने हुबेहूब येत राहिली तर शंका घ्या. लाकडाच्या मागच्या बाजूला हात फिरवता आला तर रंध्याच्या खाणाखुणा ओबडधोबड लागतात. पुढून कोरलेलं, मागून सोडून दिलेलं. अर्थात हात लावण्याआधी विचारा.

मळसूत्र

एक मुंबईचा धागा जोडतो, कारण तो खरा आहे. सेंट डेव्हिड्सच्या कॅथेड्रलची पश्चिमेची दर्शनी भिंत अठराव्या शतकाच्या शेवटी जॉन नॅशने बांधली होती. ती धड टिकली नाही. १८६२पासून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने कॅथेड्रल हातात घेतलं. मधल्या मनोऱ्याला टेकू देऊन खचलेले खांब सावरले, पुढे दर्शनी भिंतही नव्याने केली. म्हणजे आज फोटोत जो मध्ययुगीन चेहरा दिसतो तो स्कॉटचा. हाच स्कॉट मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचा रचनाकार, आणि मुंबईत तो कधी आलाच नाही. कास्टेल कोखच्या बर्जेसनेही १८६६मध्ये मुंबईच्या कलाशाळेसाठी आराखडा केला होता. तो कागदावरच राहिला.

उत्तरेच्या वाटेवर गावाबाहेर किंवा बागेत बारा उभ्या दगडांचं वर्तुळ आणि मधे एक आडवा सपाट दगड दिसला तर प्रागैतिहासिक समजून फोटो काढत बसू नका. ती गोर्सेथ म्हणजे कवि-मंडळाची वर्तुळं. जिथे आइस्टेथवॉड हा कवितेचा आणि गाण्याचा उत्सव भरला तिथे ती उभारत. ही प्रथा इओलो मॉर्गानुग या वेल्श कवीने १७९२मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर सुरू केली आणि प्राचीन म्हणून खपवली. ओळखायचं कसं? दगडांवर शेवाळ कमी, अंतर मोजून ठेवलेलं आणि बऱ्याचदा शेजारी वर्ष कोरलेला फलक.

चर्या_आणि_जंग्या

मग क्रम असा लावतो: पहिल्या दिवशी कार्डिफची लाल रेघ आणि सेंट फॅगन्स, दुसऱ्या दिवशी सकाळी कास्टेल कोख आणि दुपारी केअरफिली. उत्तरेला जाताना वाट वाकडी करून पार्त्रिशो.

काव_आणि_चुना

पार्त्रिशोचा रस्ता एका गाडीपुरताच आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर बरंच मागे यावं लागतं. सकाळी लवकर जा आणि टॉर्च न्या. तुळईचा ड्रॅगन अंधारात आहे.